मयुरीची तक्रार अभिप्रायासाठी रवाना

उमरेड,
६ नोव्हेंबर २०२४

चि. देवराव यास प्रेमिलाताईचे आशीर्वाद.

फोनवर तू म्हणालास की असल्या गोष्टी फोनवर बोलू नकोस आणि व्हॉट्सॲपवर तर टाकूच नकोस, लोक फोटो काढून फिरवतात. कागदावर लिही आणि घरच्या पत्त्यावर पाठव. म्हणून लिहिते आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून हात थोडा थरथरतो, पण अक्षर तुला लागेल. तुला याच अक्षरात पाढे लिहून दिले होते.

आमच्या शेजारचे नत्थूजी तुला आठवत असतील. मामा तुला शिकायला आमच्याकडे ठेवून गेले तेव्हा नत्थूजींच्या ओसरीत बसून तू मागाच्या कांड्या भरायचास. आता त्यांचा माग गेला, ते एका गोदामावर रखवालीला जातात. मुलगा खाणीच्या रस्त्यावर ट्रकखाली सापडला, सून दुसरं घर करून गेली, राहिली नात मयुरी. नागपूरच्या सुसंस्कार बालिकाश्रमात तिला जागा मिळाली ती तूच शब्द टाकलास म्हणून. तुझं नाव निघालं की नत्थूजी अजून हात जोडतात.

दिवाळीच्या सुट्टीत मयुरी घरी आली. त्यांच्याकडे बाईमाणूस नाही, म्हणून नरकचतुर्दशीला तिला तेल लावून न्हाऊ घालायला मी माझ्याकडे आणलं. पोरगी फ्रॉक काढू देईना. शेवटी काढला, तर पाठीवर आणि मांड्यांवर चटके. काही जुने, काही अजून ओले. उलथन्याचा आकार मला ओळखता येतो देवराव, जन्मभर पोळ्या केल्या आहेत.

आधी म्हणाली, पडले. मग म्हणाली, अंथरूण ओलं झालं की हर्षा मॅडम चटके देतात, आणि जी रडते तिला धान्याच्या खोलीत कोंडतात. "सगळ्याईलेच देते," असंही म्हणाली, जणू मी मॅडमवर पक्षपाताचा आळ घेतला होता. वय वर्षं दहा.

मी तिच्यासमोरच रडले. मग राग आला. मग आठवलं की असल्या आश्रमांवर देखरेख ठेवणारं कार्यालय तुझं, आणि त्या कार्यालयात साहेब तू. तेव्हा मला फार हायसं वाटलं. दुसऱ्या कोणाला पोलिसांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या. माझा तर भाऊच खुर्चीवर आहे. मयुरीची सुट्टी पुढच्या आठवड्यात संपते. त्याच्या आत काय ते कर. तू सांगशील तसंच नत्थूजी करतील.

सिंधूला आशीर्वाद. विक्कीचं लग्न कुठे जमतंय का?

तुझी
ताई


नागपूर,
१५ नोव्हेंबर २०२४

ती. प्रेमिलाताईस देवरावचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. वाचून सिंधूच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही जेवण गेलं नाही.

उत्तराला उशीर झाला कारण एक तर निवडणुकीचं काम मानेवर, त्यात काल बालदिन. 'बालकांचे हक्क' या विषयावर माझंच भाषण होतं. तुझ्या पत्रामुळे विषय डोक्यात ताजा होता, त्यामुळे फार रंगलं. लोक म्हणाले, साहेब आज मनापासून बोलले. सभागृह सुसंस्कारच्या अध्यक्षांनी दिलं होतं, चांगला माणूस आहे.

मी फोनवर सांगितल्याप्रमाणे नत्थूजींनी मयुरीला वेळेवर परत सोडलं हे उत्तम झालं. मूलच जागेवर नसेल तर चौकशी कोणाची करायची? शिवाय तिची जागा गेली असती.

आता मी काय केलं ते सांगतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याचं म्हणणं आधी मागवायचं अशी आमच्याकडे रीत आहे. तुझं पत्र घरच्या पत्त्यावर आलं, त्यामुळे कार्यालयात त्याची आवक झालेली नाही आणि तुझं नाव कुठेही लागणार नाही. तुझ्याच फायद्याचं आहे. मी फक्त त्याची झेरॉक्स हर्षा मॅडमकडे अभिप्रायासाठी पाठवली आहे, तीही खाजगीत. काय घडलं ते मुद्देसूद कळवा म्हटलं. बाई शिकलेल्या आहेत, रागावतील असं वाटत नाही.

तू आता निर्धास्त राहा. घरचा माणूस खुर्चीवर असण्याचा एवढा तरी उपयोग व्हायला हवा.

तुझा
देवराव


उमरेड,
२७ नोव्हेंबर २०२४

चि. देवराव,

तू झेरॉक्स पाठवलीस. मुलीनं जे मला न्हाणीघरात सांगितलं, ते तिच्या नावागावासकट तू चटके देणाऱ्या बाईच्या हातात दिलंस, आणि मुलगी त्याच बाईच्या ताब्यात. मी तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. मला वाटलं, तू कुठेतरी थट्टा करतो आहेस आणि ती मला कळत नाही.

माझ्या वर्गात एखादं पोर येऊन म्हणालं की अमका मला मारतो, तर मी आधी त्या दोघांना वेगळ्या बाकांवर बसवायची. मग कोण खरं, कोण खोटं ते बघायची. यासाठी मला कधी परिपत्रक लागलं नाही.

रविवारी नत्थूजी तिला भेटायला गेले. सकाळच्या एसटीनं, सोबत चिवड्याचा डबा घेऊन. फाटकावरच सांगितलं की मयुरीला कांजिण्या आल्या आहेत, भेटता येणार नाही. लांबून दाखवा म्हटलं तर तेही नाही. मग हर्षा मॅडम स्वतः बाहेर आल्या आणि म्हणाल्या, नातीला जरा तोंड आवरायला शिकवा, इथल्या गोष्टी साहेबांपर्यंत जातात. डबा तेवढा ठेवून घेतला.

म्हातारा परत येऊन माझ्या ओट्यावर बसला आणि म्हणाला, "आपण साहेबाले सांगाले नव्हतं पाहिजे वं बाई." तो साहेब म्हणजे तू. मी मान खाली घालून ऐकलं.

मला तुझी चौकशी नको. तिला तिथून बाहेर काढ, दुसरीकडे ठेव, मग वर्षभर चौकशी करत बस. हे करायचा अधिकार तुला आहे, मी विचारून घेतलं आहे.

ताई


नागपूर,
१० डिसेंबर २०२४

ती. ताईस नमस्कार.

तुझी पत्रातली भाषा जरा तिखट होती. तू मोठी आहेस, मी मनावर घेत नाही.

हर्षा मॅडमचा अभिप्राय आला. टाइप केलेला, परिच्छेदांना क्रमांक दिलेले, कुठे खाडाखोड नाही. मुली स्वयंपाकघरात लुडबूड करताना भाजतात असं त्यांचं म्हणणं आहे. मयुरीला रचून सांगायची सवय आहे, घरी बाईमाणूस नसल्यानं वळण लागलेलं नाही, असंही त्यांनी नमूद केलं आहे. हे तर तूही लिहिलं होतंस की घरी बाईमाणूस नाही.

पण मी कागदावर विसंबून राहिलो नाही. स्वतः जाऊन अचानक तपासणी केली. मुली घाबरू नयेत म्हणून दोन दिवस आधी कळवून ठेवलं होतं. अंगणात रांगोळी, मुली एका रंगाच्या फ्रॉकमध्ये, स्वागतगीत. शाल-श्रीफळ मी नको नको म्हणत होतो. स्वयंपाकघर इतकं स्वच्छ की तिथे कधी स्वयंपाक होतो असं वाटू नये. मुलींशी मी मोकळेपणानं बोललो, हर्षा मॅडम सोबत होत्याच. एकीचीही तक्रार नाही. मयुरीही दिसली. ठीक आहे. कांजिण्यांचा डागसुद्धा राहिला नाही. केस मात्र बारीक कापले आहेत, उवा झाल्या होत्या म्हणे.

तेव्हा प्रकरण मी बंद केलं आहे. आवकच झालेली नसल्यामुळे बंद करायलाही त्रास पडला नाही.

आश्रमानं संत्र्यांची टोपली दिली होती. त्यातली निम्मी उमरेडला येणाऱ्या एकाजवळ तुझ्यासाठी पाठवली आहेत, काटोलकडची आहेत, गोड निघाली. आणि एक कर, हर्षा मॅडमना दोन ओळी टाक की गैरसमज झाला होता. बाई दुखावल्या आहेत.

सोमवारपासून अधिवेशन. आम्हा सगळ्यांना बाहेरून येणाऱ्या साहेबलोकांच्या सरबराईला जुंपलं आहे. माझ्याकडे एका बंगल्याच्या गाद्या, गिझर आणि नाश्ता. तोवर फोन करू नकोस, उचलता येणार नाही.

तुझा
देवराव


उमरेड,
२२ डिसेंबर २०२४

देवराव,

संत्री परत पाठवते आहे. एकही खाल्लेलं नाही.

तू गाद्या आणि गिझर बघत होतास तेव्हा मी आणि नत्थूजी नागपूरला आलो होतो. तुझ्याकडे उतरलो नाही. पोलीस ठाण्यात गेलो. तिथे प्रीती नावाची फौजदार होती, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि हर्षा मॅडमचा अभिप्राय काही मागवला नाही. बालकल्याण समितीच्या एका बाईंना सोबत घेतलं, गाडी काढली आणि आम्ही गेलो. दोन दिवस आधी कळवलं नाही, त्यामुळे रांगोळी नव्हती.

धान्याच्या खोलीला बाहेरून कडी होती. आत मयुरी होती. तुझ्या तपासणीनंतरचे चटके कोणते ते डॉक्टरांना विचारावं लागलं नाही, ते अजून वाहत होते.

हर्षा मॅडमना पोलिसांनी नेलं. बाकीच्या मुलींना समितीनं दुसऱ्या ठिकाणी हलवलं. मयुरीला नत्थूजींच्या ताब्यात दिलं आहे, राहते माझ्याकडे. गादीवर झोपत नाही. फरशीवर निजते, म्हणजे ओलं झालं तरी पुसून टाकता येतं, असं तिनंच मला समजावून सांगितलं. मी पण आता तिच्या शेजारी फरशीवर निजते, माझी कंबर बोलते, पण निजते.

हे सगळं तू नोव्हेंबरातच एका सहीनं करू शकला असतास. मारलं त्या बाईनं, ते तिनं भोगावं. पण तुला सांगितल्यानंतर जितक्या वेळा त्या मुलीला उलथनं लागलं, ते तुझ्या हिशेबी आहे, आणि त्याचा जाब तुला द्यावा लागेल. मी तुझ्या वरच्या कार्यालयात तुझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे. घरच्या पत्त्यावर नाही, कार्यालयात, शिक्क्याची पोच घेऊन.

प्रेमिला


नागपूर,
१६ जानेवारी २०२५

ती. ताईस नमस्कार.

तिळगूळ पाठवतो आहे. गोड बोलणं आता तुझ्या हाती.

तुझी तक्रार मिळाली. म्हणजे मलाच मिळाली. वरच्या कार्यालयानं ती माझ्याकडे अभिप्रायासाठी पाठवली, रीतच आहे तशी. शनिवार-रविवार घालवून मी अभिप्राय लिहिला. परिच्छेदांना क्रमांक दिले. तक्रारदार ही माझी आतेबहीण असून वयोमानानं स्वभाव चिडखोर झाला आहे, तक्रारीमागे घरगुती कारण असू शकतं, असं लिहावं लागलं. वाईट वाटून घेऊ नकोस, कार्यालयाची भाषा तशी असते. सदर बालिकेबाबत कोणतीही तक्रार या कार्यालयास प्राप्त नाही, असंही लिहिलं. आवक रजिस्टर कोणीही बघावं.

एवढ्यावर भागलं असतं. पण पेपरात बातमी आली, फोटोसकट, आणि आता बाहेरच्या एका मॅडमना माझ्या चौकशीला नेमलं आहे. त्या म्हणे कोणाचा चहासुद्धा घेत नाहीत. सुसंस्कारचे अध्यक्ष आता माझा फोन उचलत नाहीत.

विक्कीचं नरखेडकडे जमलं आहे. मुलीचे वडील संत्र्याचे बागायतदार, सज्जन माणूस, पण पेपर वाचतात. ताई, मी काही त्या मुलीला हात लावलेला नाही. चटका देणारी वेगळी, आणि फासावर मला चढवता? मी स्वतः जाऊन मयुरीशी बोललो, ती काहीही म्हणाली नाही, हे मी लिहून दिलं आहे. निदान एवढं तरी खरं मान. न सांगितलेलं मला कसं कळावं?

तू फक्त इतकंच सांग की ती पत्रं बहीण-भावाची होती, तक्रार म्हणून नव्हती. तुझ्या घरचं अन्न खाऊन मी मोठा झालो, माझं वाईट तुझ्या हातून व्हावं?

तुझा
देवराव


उमरेड,
२ फेब्रुवारी २०२५

देवराव,

चिडखोर हे बरोबर लिहिलंस. त्याखाली मी सही करते.

पत्रं बहीण-भावाची होती हे मी नक्की सांगेन. ती घरी पाठव असं भावानंच सांगितलं होतं, हेही त्याच दमात सांगेन.

तुझ्याविरुद्ध बोलायला नत्थूजींचा जीव मात्र अजून होत नाही. "जागा तर साहेबानंच देली होती," म्हणतात. उपकाराचं ओझं त्यांच्या डोक्यावरून उतरतच नाही. त्यांना वाटतं, साहेबाच्या विरोधात गेलो तर पुढे कुठे पोरीला कोणी उभं करणार नाही. मी समजावून थकले.

चौकशी अठरा तारखेला आहे. मॅडमनी मयुरीलाही बोलावलं आहे, तिची इच्छा असेल तरच. मी तिला नेणार नव्हते. पण कळल्यावर तीच म्हणाली, येते. तुझ्याशी ती काय बोलली, काय नाही, मी तिला विचारलेलं नाही. उद्या तू म्हणशील, मास्तरीणबाईनं पढवून आणली. आणि खरं सांगू? तेवढ्या एका गोष्टीत मी तुझ्यावर विश्वास ठेवला आहे. भीतीनं गप्प राहिली असेल, असं मी धरून चालले आहे.

तुझ्यावरची माझी माया गेली असती तर बरं झालं असतं. गेली नाही, म्हणून हे सगळं जड जातं. तू ये. तिच्या समोर बस. चुकलं म्हण किंवा नाही चुकलं म्हण, पण तिच्याकडे बघून म्हण.

ताई


नागपूर,
१७ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस नमस्कार.

रक्तदाब वाढला आहे. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे, तसं प्रमाणपत्र मॅडमकडे पाठवलं. उद्या मी येऊ शकत नाही.

लेकराला तिथे नेऊ नकोस ही विनंती. मी मुलांच्या खात्यात उभं आयुष्य काढलं, त्यावरून सांगतो. मुलं लवकर विसरतात. मोठ्यांनीच त्यांना पुन्हा पुन्हा आठवण करून द्यायची नसते.

देवराव


उमरेड,
२० फेब्रुवारी २०२५

चि. देवराव यास आशीर्वाद.

तू आला नाहीस, म्हणून तिथे काय झालं ते मीच कळवते.

मॅडमनी तुझं प्रमाणपत्र वाचून बाजूला ठेवलं. समोर तुझ्यासाठी मांडलेली खुर्ची होती, ती तशीच राहू दिली. मयुरीला त्यांनी माझ्या शेजारी बसवलं, पाणी दिलं, कंटाळा आला तर चित्र काढ म्हणून कागद दिला. तिनं चित्र काढलं नाही. दाराकडे बघत बसली आणि मग मला विचारलं, "ते साहेब नाई आले का?" मी म्हटलं, आजारी आहेत. तिनं समजूतदारपणे मान हलवली.

आधी मॅडम शाळेचं, जेवणाचं असं इकडचं तिकडचं बोलल्या. मग विचारलं, साहेब आश्रमात आले होते तेव्हा तू त्यांच्याशी काही बोललीस का? मी जमिनीकडे बघत होते. उत्तर मला माहीत आहे असं मला वाटत होतं.

ती म्हणाली, हो.

साहेबांना कुंकू लावायला हर्षा मॅडमनी तिलाच पुढे केलं होतं. तक्रार करणारी पोर कशी हसून ओवाळते हे तुला दिसावं म्हणून असेल. तिच्या हातात ताट दिलं. ती लहान, तू उंच, म्हणून कुंकू लावून घ्यायला तू खाली वाकलास. तेव्हा तुझा कान तिच्या तोंडाशी आला. बाकीच्या मुलींचं स्वागतगीत जोरात चालू होतं, त्यामुळे दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नव्हतं. हे तिनं आधीच ठरवून ठेवलं होतं, देवराव. दोन दिवस आधी कळवल्यामुळे तिला ठरवायला वेळ मिळाला होता.

मॅडमनी विचारलं, काय सांगितलंस?

"मी म्हटलं, साहेब, मले इथून घेऊन चाला."

"मग साहेब काय म्हणाले?"

मयुरीनं आधी माझ्याकडे पाहिलं, सांगू की नको असं. मी मान हलवली.

"साहेब म्हणे, शाबास."

नत्थूजी मागे उभे होते. ते बाहेर जाऊन पायऱ्यांवर बसले. मॅडमनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं, तिला वाचून दाखवलं, आणि खाली तिनं सही केली. पुढची तारीख चार मार्च आहे. मयुरी येणार आहे. तूही ये.

तुझी
ताई